रंग फोडणारी माती

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा असतो. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीची प्रत जोखताना पाहिल्या जाणाऱ्या गोष्टींत या कर्क्युमिनचे प्रमाण महत्त्वाचे असते. हळद पुडीत भेसळ म्हणून सापडणारा मेटॅनिल यलो हाही पिवळाच, पण तो कारखान्यात तयार होतो आणि त्याचे खरे काम लोकर, रेशीम, कातडी नि कागद रंगवण्याचे. खाद्यपदार्थांत त्याला बंदी आहे. नुसत्या डोळ्यांना दोन्ही पिवळे सारखे दिसतात. संशयित हळद पाण्यात कालवून तिच्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि उमटलेला गुलाबी रंग पाणी वाढवल्यावरही टिकून राहिला, तर तो मेटॅनिल यलो समजावा, अशी प्रयोगशाळेतली साधी परीक्षा आहे.

या दोन पिवळ्या रंगांमधला खरा फरक त्यांचा शेवट कसा होतो यात आहे. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो आणि ओला कपडा उन्हात टाकला की दिवसभरात फिका पडतो. कर्क्युमिन प्रकाशाने तुटते, अल्कधर्मी पाण्यात विघटते. माणसाच्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूकडे कर्क्युमिन बदलणारे स्वतंत्र विकर असल्याचे जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. वनस्पतीने घडवलेल्या रेणूशी जिवाणूंची ओळख लाखो वर्षांची असते. मेटॅनिल यलोची तशी कोणाशी ओळख नाही. तो ऊन, पाणी, साबण यांना पुरून उरावा म्हणूनच बनवलेला आहे, आणि कापडावरचा हाच गुण सांडपाण्यात गेल्यावर दोष ठरतो.

कारखान्यातल्या रंगांचा इतिहास पावणेदोनशे वर्षांपेक्षा लहान आहे. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनाइन बनवू पाहत होता. त्याच्या हाती जांभळा मॉव्ह लागला. १८५८ मध्ये पेटर ग्रीस याने डायझो संयुगांची रीत शोधली, आणि तिच्यातून पुढे ॲझो रंगांचे अफाट कुटुंब जन्माला आले. १८८४ मधल्या काँगो रेडमुळे सूत थेट रंगवता येऊ लागले. त्याआधी सुती कापडावर बहुतेक रंगांसाठी तुरटीसारख्या रंगबंधकाची गरज पडे. १९५६ मध्ये रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. ते धाग्यातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडून धाग्याचाच भाग होतात. आज जगात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून बरेच जास्त रंग ॲझो वर्गातले आहेत. मराठवाड्यात करडईच्या फुलांपासून निघणारा कुसुंबा, नीळ, मंजिष्ठ हे सारे या लाटेत शंभर वर्षांच्या आत मागे पडले.

ॲझो रंगाचा प्राण म्हणजे दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध. त्याच्या दोन्ही बाजूंना बेंझीन किंवा नॅफ्थलीनची कडी असतात. या सलग साखळीत इलेक्ट्रॉन मोकळेपणाने पसरलेले असल्याने रेणू दृश्य प्रकाशातला काही भाग शोषतो आणि उरलेला आपल्याला रंग म्हणून दिसतो. रंग पाण्यात विरघळावा म्हणून कड्यांवर सल्फोनेट गट जोडलेले असतात. निसर्गात ॲझो बंध अगदी विरळा आढळतो आणि बेंझीनच्या कड्याला चिकटलेला सल्फोनेट गटही तसाच दुर्मीळ. त्यामुळे अशा रेणूवर उपजीविका करणारे जिवाणू सहज सापडत नाहीत.

रंगकामात सगळा रंग कापडावर बसला असता तर हा प्रश्न उरला नसता. रिॲक्टिव्ह रंगाच्या हौदात मीठ आणि सोडा घालावा लागतो. मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे ढकलला जातो आणि सोड्यामुळे बंध जुळतो. पण त्याच वेळी रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो. एकदा असे झाले की तो रेणू पुन्हा कधी धाग्याला चिकटत नाही. धुण्याच्या पाण्यातून तो नाल्यात जातो. रंगाचा प्रकार आणि कामाची पद्धत यांनुसार रिॲक्टिव्ह रंगातला १० ते ५० टक्के भाग असा वाया जातो. मिठाचा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. एक किलो कापडामागे दहा लिटर पाणी आणि लिटरला साठ ग्रॅम मीठ धरले, तर एका किलो कापडामागे सहाशे ग्रॅम मीठ सांडपाण्यात उतरते. ते कापडावर राहत नाही आणि कोणत्याही जिवाणूच्या खाण्यात येत नाही.

महाराष्ट्रात या सांडपाण्याचा भार काही ठरावीक गावांनी वाहिला आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. त्याभोवती सायझिंग, डाईंग, प्रोसेसिंग असे सगळे धंदे उभे राहिले आणि त्यांच्या शेजारून पंचगंगा वाहते. सोलापुरात चादरी आणि टॉवेलांसाठी सूत आधी रंगवले जाते, मग ते मागावर चढते. हिंगोली जिल्हा रंगकामासाठी ओळखला जात नाही. इथला शेतकरी कापूस पिकवतो, तो सरकी काढून गाठी होऊन बाहेर जातो, आणि लाल, निळे, हिरवे कापड होऊन बाजारात परततो. मधल्या टप्प्यातले रंगीत पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी नदीत गेलेले असते. कापूस पिकवणाऱ्या आणि कापड वापरणाऱ्या जिल्ह्यांनी ही गोष्ट आपली नाही असे समजणे बरोबर नाही.

रंगीत पाण्याचा पहिला अपाय उघड दिसतो. लिटरमागे एखादा मिलिग्रॅम रंगही पाण्याला छटा देतो, सूर्यप्रकाश खोल उतरत नाही, पाणवनस्पती आणि शेवाळे प्राणवायू कमी बनवतात. दुसरा अपाय दिसत नाही आणि तोच जास्त गंभीर आहे. ॲझो बंध तुटला की दोन्ही बाजूंचे तुकडे ॲरोमॅटिक अमाइन होऊन मोकळे होतात. हे बहुधा रंगहीन असतात. त्यांतल्या बेंझिडिनसारख्या काही अमाइनांनी मूत्राशयाचा कर्करोग होतो. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगकारखान्यातल्या कामगारांमध्ये हा रोग आढळत असल्याचे नोंदवले होते. भारतात केंद्र सरकारने १९९७ मध्ये असे अमाइन सोडू शकणाऱ्या ७० ॲझो रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. बंदी असलेले रंग वगळले, तरी उरलेल्या रंगांच्या तुकड्यांचे काय होते हा प्रश्न प्रत्येक प्रक्रियेला विचारावा लागतो.

सांडपाण्यातला रंग काढण्याच्या रूढ रीती बहुतेक रंग हलवतात, संपवत नाहीत. चुना, तुरटी किंवा फेरस सल्फेट घालून गाळ बसवला की पाणी निवळते, पण रंग गाळात साठतो आणि तो गाळ घातक कचरा म्हणून वेगळा पुरावा लागतो. कोळशाच्या भुकटीवर रंग चिकटतो, मग ती भुकटी टाकायची कुठे हा प्रश्न. ओझोनने रंग तुटतो, मात्र विजेचा खर्च मोठा. घरगुती सांडपाण्यासाठी वापरली जाणारी, हवा घुसळून जिवाणू वाढवण्याची पद्धत इथे फारशी चालत नाही. हवेच्या हौदातून कित्येक ॲझो रंग जसेच्या तसे बाहेर पडतात. हवा भरपूर असतानाच काम का होत नाही, याचे उत्तर जिवाणू रंग कसा फोडतात यात दडले आहे.

जिवाणू ॲझो बंध तोडतात हे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आले ते औषधांच्या इतिहासात. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्राँटोसिल या लाल ॲझो रंगाने उंदरांमधला जिवाणूंचा संसर्ग बरा होतो हे १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. परीक्षानळीत मात्र हा रंग जिवाणूंना मारत नसे. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडा झाला: शरीरात प्राँटोसिलचा ॲझो बंध तुटतो, आणि सुटा झालेला सल्फानिलअमाइड हा रंगहीन तुकडा औषधाचे काम करतो. ही तोड करण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो असे पुढे कळले. आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. पाणी साचलेल्या मातीच्या ढेकळाच्या आतही तो नसतो.

एक ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली काळी माती त्यांना परस्परविरुद्ध परिस्थितींत जगायला लावते. पावसाळ्यात ती फुगते, तिच्यातली हवा कोंडते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि वरचा थर चाळीस अंशांच्या वर तापतो. अशा मातीत बॅसिलससारखे जिवाणू टिकतात, कारण ते कडक कवचाचे बीजाणू करून दुष्काळ काढतात. स्यूडोमोनाससारखे दुसरे जिवाणू खाण्याच्या बाबतीत फार चौफेर असतात. लाकूड, पाने, मुळे कुजताना निघणारी नाना तऱ्हेची बेंझीनवर्गी द्रव्ये ते पचवतात. लाकडातले लिग्निन फोडण्यासाठी बुरशा आणि काही जिवाणू लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे सोडतात. ही विकरे फारशी चोखंदळ नसल्यामुळे लिग्निनच्या जोडीने रंगाचा रेणूही त्यांच्या तावडीत सापडतो.

ॲझो बंध तोडण्याचे मुख्य काम मात्र ॲझोरिडक्टेज या विकराचे. बंधाला चार इलेक्ट्रॉन मिळाले की तो पूर्ण तुटतो. हे इलेक्ट्रॉन जिवाणू आपल्या अन्नातून काढतो, म्हणजे ग्लुकोज, पेप्टोन, मळी किंवा असेच काही त्याला सोबत द्यावे लागते. रंग हे त्याचे अन्न नसते. अन्न जाळताना सुटलेले इलेक्ट्रॉन कुठेतरी सोपवायचे असतात. प्राणवायू असेल तर ते त्याच्याकडे जातात, प्राणवायू नसेल आणि रंग समोर असेल तर रंगाकडे. म्हणूनच हवा घुसळली की रंग तसाच राहतो, आणि काचेचे चंबू नुसते शांत ठेवले की काही तासांत पाणी निवळते. नायट्रेट जास्त असले तरी हीच अडचण येते, कारण तेही इलेक्ट्रॉन ओढून घेते. सल्फोनेट गट असलेले रंग जिवाणूच्या पेशीपटलातून आत शिरू शकत नाहीत. तिथे काही जिवाणू क्विनोनसारख्या लहान रेणूंची मदत घेतात. हे रेणू पेशीकडून इलेक्ट्रॉन उचलतात, बाहेर जाऊन रंगाला देतात आणि पुन्हा परततात. रंग पेशीच्या बाहेरच तुटतो.

महाराष्ट्रात या विषयावरचे सर्वांत सातत्याचे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाले. जीवरसायनशास्त्राचे प्रा. संजय गोविंदवार यांच्या गटाने कारखान्यांजवळच्या मातीतून आणि सांडपाण्यातून जिवाणू, बुरशा, पुढे वनस्पतीही तपासल्या. सोलापुरातल्या कापड उद्योगाच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या मातीतून त्यांना स्यूडोमोनासचा एक वाण मिळाला. शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एसयूके१ असे नाव पडले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या जिवाणूने लिटरमागे ५० मिलिग्रॅम असलेला रेड बीएलआय हा रिॲक्टिव्ह रंग ३० अंश सेल्सिअस तापमानात, हवा न घुसळता, एका तासात ९९.२८ टक्के घालवला. वर्षानुवर्षे रंग मुरलेल्या जमिनीतच असा जिवाणू सापडावा यात नवल नाही. ज्यांना तो रंग सोसला नाही ते मेले, आणि ज्यांनी त्याचा काही उपयोग करून घेतला त्यांची वस्ती वाढली.

याच विद्यापीठातले दुसरे काम तितकेच बोलके आहे. प्रोटिअस व्हल्गॅरिस आणि मायक्रोकॉकस ग्लुटामिकस या दोन जिवाणूंचे वाण, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून घेऊन, एकत्र वाढवले गेले. स्कार्लेट आर हा लाल रंग घालवायला पहिल्याला एकट्याला सुमारे १४ तास लागत होते, दुसऱ्याला २०. दोघे मिळून तेच काम तीन तासांत करत. एकाची विकरे जिथे थांबतात तिथून दुसऱ्याची सुरू होतात, आणि एकाने तयार केलेले विषारी तुकडे दुसरा हलवतो म्हणून पहिल्याची वाढ खुंटत नाही. मातीत कोणताही जिवाणू एकटा राहत नाही, त्यामुळे एकाच शुद्ध वाणाने सारे काम व्हावे ही अपेक्षाच मुळात मातीच्या स्वभावाविरुद्ध आहे.

मेटॅनिल यलोलाही तोड सापडली, तीही फार दूर नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाड्याबरोबर असलेल्या गुलबर्ग्याच्या विद्यापीठात, बळ्ळारीच्या एका रंगकाम कारखान्याजवळच्या मातीतून बॅसिलस आणि लायसिनिबॅसिलस या गटांतले दोन जिवाणू वेगळे केले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लिटरमागे २०० मिलिग्रॅम मेटॅनिल यलो एका जिवाणूने २७ तासांत आणि दुसऱ्याने १२ तासांत नाहीसा केला. ॲझो बंध तुटून मेटॅनिलिक आम्ल आणि पॅरा-अमायनोडायफिनाइलअमाइन हे दोन तुकडे झाले. पिवळेपणा गेला, पण पाण्यात आता दोन नवी द्रव्ये आली, आणि दोन्ही अमाइनच. खरे काम इथून पुढे आहे.

असा जिवाणू शोधण्याची रीत महागड्या यंत्रांशिवायही सुरू करता येते. नाल्याच्या कडेची, दहाएक सेंटिमीटर खोलीवरची माती निर्जंतुक बाटलीत घेतात. तिचा द्राव रंग मिसळलेल्या पोषक पाण्यात सोडतात. काही दिवसांनी रंग उतरला की त्यातला थेंबभर द्राव नव्या रंगीत पाण्यात, मग त्यातला पुढच्या पाण्यात, असे पुन्हा पुन्हा करतात आणि दर खेपेला रंगाचे प्रमाण थोडे वाढवतात. रंग न सोसणारे जिवाणू गळत जातात. उरलेले रंगीत अगारच्या थाळीवर पसरले की काही वसाहतींभोवती फिके वर्तुळ पडते, तेच उमेदवार. मग वर्णपटमापीवर, त्या रंगाचे शोषण जिथे सर्वाधिक असते त्या तरंगलांबीवर, आधीचा आणि नंतरचा आकडा घेऊन रंग किती टक्के गेला ते काढतात.

इथे एक तपासणी विसरून चालत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये जिवाणू तळाशी बसवले आणि त्यांचा गोळा रंगीत निघाला, तर रंग तुटलेला नसून फक्त पेशींना चिकटला आहे. गोळा पांढरा किंवा मळकट निघाला तर पुढे जाण्यात अर्थ. तुकडे ओळखायला द्रव वर्णलेखन, अवरक्त वर्णपट, वायू वर्णलेखनाला जोडलेला वस्तुमान वर्णपट अशी साधने लागतात आणि जिवाणूची ओळख त्याच्या १६एस आरआरएनए जनुकाच्या क्रमावरून पटवतात. पहिला अर्धा भाग सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकतो. हिंगोली जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते १९९४ मध्ये स्थापन झालेले नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ पुढच्या टप्प्यासाठी जवळ आहे. रंगाने दूषित नसलेल्या शेतातल्या मातीतही ॲझोरिडक्टेज असलेले जिवाणू असतात; त्यांना फक्त निवडून काढायला जास्त फेऱ्या लागतात.

आता अमाइनांकडे. प्राणवायूविना झालेली तोड तिथेच थांबते, कारण बेंझीनचे कडे उघडायला बहुतेक जिवाणूंना प्राणवायूच लागतो. म्हणून आधी विनॉक्सी आणि मग ऑक्सी असा दोन हौदांचा क्रम ठेवावा लागतो. जर्मनीत श्टुटगार्ट येथे १९९१ मध्ये मॉर्डंट यलो ३ या रंगावर हे पहिल्यांदा स्वच्छपणे दाखवले गेले: जिवाणूंच्या एकाच समूहाने हवा बंद असताना ॲझो बंध तोडला आणि हवा सुरू केल्यावर उरलेले तुकडे पूर्णपणे पचवले. उलटा क्रम लावला तर काहीच होत नाही. पहिला हौद करून थांबणारी योजना पाणी निवळ करते आणि विष अदृश्य करते. हे रंगीत पाण्यापेक्षा वाईट, कारण रंगीत पाणी निदान गुराख्याला दिसते आणि तो गुरे दूर हाकतो.

तुकडे निरुपद्रवी झाले की नाही हे यंत्रापेक्षा बी लवकर सांगते. कोल्हापूरच्या अभ्यासांत ज्वारी आणि उडदासारख्या पिकांचे बी तीन पाण्यांत रुजवून पाहण्याची पद्धत नेहमी वापरली गेली: साधे पाणी, रंगाचे पाणी आणि जिवाणूंनी प्रक्रिया केलेले पाणी. किती बी उगवले, मूळ आणि कोंब किती लांब झाले हे मोजले की उत्तर मिळते. रंगाच्या पाण्यात मूळ आखूड राहते; प्रक्रिया नीट झाली असेल तर ते साध्या पाण्यातल्या मुळाच्या जवळपास पोहोचते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही चाचणी समजावून सांगावी लागत नाही. पेरणीआधी गोणपाटात शंभर बिया गुंडाळून उगवण पाहणे हे त्याच्या घरचेच काम आहे.

काळ्या जमिनीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. तिच्यातल्या स्मेक्टाइट चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. मेथिलीन ब्लूसारखे धन भाराचे रंग ती घट्ट धरून ठेवते, इतके की चिकणमाती मोजायलाच तो रंग वापरतात. पण सल्फोनेट गटामुळे रिॲक्टिव्ह आणि ॲसिड रंग ऋण भाराचे असतात. त्यांना ही माती धरत नाही. ते पाण्याबरोबर खाली झिरपतात, भेगांमधून तर सरळ उतरतात आणि विहिरीत पोहोचतात. काळी जमीन सगळे गाळून घेते हा समज या रंगांच्या बाबतीत खोटा आहे.

दुसरी गोष्ट मिठाची. जिवाणूंनी रंग आणि अमाइन दोन्ही संपवले, तरी सोडियम पाण्यात तसाच राहतो. असे पाणी पिकाला दिले की चिकणमातीच्या कणांवरचे कॅल्शियम हटून सोडियम बसतो, कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि वाळल्यावर कडक पोपडा धरतो. अशी जमीन चोपण होते. कयाधू, पूर्णा, पैनगंगा यांच्या काठची भारी जमीन अशा पाण्याला फार लवकर बळी पडेल. जिप्सम आणि चांगला निचरा यांनी ती सुधारते, पण त्याला वर्षे लागतात. म्हणून रंगकामाचे पाणी, जिवाणूंनी कितीही निवळले तरी, मीठ वेगळे काढल्याशिवाय शेतात सोडू नये. त्यासाठी पडद्यातून पाणी दाबून गाळणे आणि उरलेला क्षार आटवणे हाच मार्ग आहे, आणि तो खर्चाचा आहे. जिवाणूंनी आधी रंग व सेंद्रिय भार उतरवला तर हे पडदे कमी तुंबतात, एवढा त्यांचा इथे उपयोग.

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे जाताना अडचणी वाढतात. चंबूतला रंग एक असतो. नाल्यात सकाळी लाल, दुपारी निळा, रात्री काळा, सोबत सोडा, साबण, खळ, हायड्रोजन पेरॉक्साइड. पाण्याचा सामू दहाच्या वर, तापमान कधी पन्नासच्या पुढे. बाहेरून सोडलेला जिवाणू तिथे चार दिवसांत स्थानिक जिवाणूंपुढे हरतो. त्यामुळे जिवाणूंना घोसाळ्याच्या वाळक्या जाळीवर, नारळाच्या काथ्यावर किंवा दगडी खडीवर चिकटवून ठेवतात. पाणी त्यांच्यावरून हळू जाते आणि जिवाणू वाहून जात नाहीत. पाणी आधी एका मोठ्या हौदात साठवून त्याचा सामू आणि तापमान सारखे करणे हे साधे काम टाळले तर पुढचे सगळे वाया जाते. जिवाणूंच्या अन्नासाठी साखर कारखान्यांची मळी पश्चिम महाराष्ट्रात सहज मिळते. गोविंदवार यांच्या गटाने पुढे झेंडू, ॲस्टर, गॅलार्डिया आणि चिनी गुलाब ही बागेतली झाडे रंगीत सांडपाण्यावर वाढवून पाहिली. मुळांची स्वतःची विकरे आणि मुळांभोवती जमलेले जिवाणू मिळून रंग कमी करतात, असे त्यांना दिसले. हे काम संथ चालते आणि जागा पुष्कळ लागते, पण प्रक्रियेच्या शेवटच्या टप्प्यासाठी ते उपयोगी आहे. फुले विकून वर थोडे उत्पन्न मिळते. खाण्याचे पीक मात्र अशा पाण्यावर घेता कामा नये.

यशाची कसोटी कायद्यानेही घालून दिली आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मानकांनुसार कापड उद्योगाच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान, जैवरासायनिक प्राणवायू मागणी लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि रासायनिक प्राणवायू मागणी २५० मिलिग्रॅमपर्यंत, तर रंग प्लॅटिनम-कोबाल्ट मोजपट्टीवर १५० एककांपर्यंत असावा लागतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात रंगाची स्वीकार्य मर्यादा ५ एकके आहे. दोन्ही आकडे एकाच पट्टीवरचे आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या मानकांची अंमलबजावणी पाहते. सांडपाण्याच्या अशा तपासणीत अमाइनांचा वेगळा रकाना नसतो. रासायनिक प्राणवायू मागणी खाली आली की ते बरेचसे गेले असावेत असे मानले जाते. जिवाणूंवर आधारलेल्या प्रक्रियेची परवानगी देताना अमाइनांची थेट मोजणी आणि उगवणीची चाचणी सक्तीची केली, तर निवळ दिसणारे पाणी खरोखर निवळ आहे का हे वेळीच कळेल.